कुमिहिमोची मांडणी आणि बहुवर्णी सुती दोरा : एक आढावा

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याण मागे पडल्यानंतर शहाड आणि आंबिवली ही जी दोन स्थानके एकापाठोपाठ लागतात, त्यांचा धाग्याशी असलेला संबंध जुना आहे. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि आंबिवलीलगत मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, ज्यास पंचक्रोशीत सगळे ‘एनआरसी’ म्हणतात, असे कृत्रिम रेशमाचे दोन मोठे कारखाने येथे उभे राहिले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवून त्यातून चकचकीत तंतू काढण्याच्या विद्येवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालला. आणि २००९ साली एनआरसी बंद पडल्यावर आंबिवलीचा धाग्याशी असलेला रोजचा व्यवहार तुटला. अशा वस्तीत, बेताच्या भांडवलावर आणि घरच्या घरी करता येण्याजोगे सुताचे एखादे कसब रुजावे, ही इच्छा स्वाभाविक होय. जपानची कुमिहिमो ही गोफ गुंफण्याची कला, तीही मूळच्या रेशमाऐवजी बाजारात ‘शेडेड’ म्हणून मिळणाऱ्या बहुवर्णी सुती दोऱ्यात, या कामी कितपत उपयोगी पडेल, तिची मांडणी कशी करावी, आणि आपल्या परंपरेत तिला आधार कोणता, या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

कुमिहिमोचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. बौद्ध धर्माबरोबर चीन आणि कोरिया या मार्गाने ही विद्या जपानात पोहोचली, आणि नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील गोफांचे नमुने आजही सुरक्षित आहेत. सूत्रग्रंथांच्या गुंडाळ्या बांधण्यासाठी, सामुराईंच्या चिलखताच्या पट्ट्या एकमेकींत ओवण्यासाठी आणि तलवारीचे म्यान कमरेस अडकविण्यासाठी या गोफांचा शतकानुशतके उपयोग झाला. १८७६ साली मेजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्याची मनाई करणारे फर्मान काढले, तेव्हा गोफकारांचे मुख्य गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले. परंतु त्यांनी आपले कसब स्त्रियांच्या किमोनोवरील रुंद पट्टा आवळून धरणाऱ्या ‘ओबीजिमे’ या गोफाकडे वळविले आणि धंदा सावरला. तोक्योतील दोम्यो ही पेढी १६५२ पासून या व्यवसायात आहे; इगा या डोंगराळ मुलखात तोकुसाबुरो हिरोसावा यांनी तोक्योत शिकून आणलेली कला १९०२ मध्ये सुरू केली; आणि इगा व क्योतो या दोन्ही ठिकाणच्या कुमिहिमोस १९७६ साली जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. माकोतो शिनकाई यांच्या २०१६ च्या ‘किमी नो ना वा’ या चित्रपटात गोफ हाच कथेचा दुवा असल्याने आपल्याकडील तरुण पिढीलाही ही कला ठाऊक झाली आहे.

याहून अधिक रेंगाळावे असे स्थळ आपल्या घराजवळच आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत पटवेकऱ्यांची स्वतंत्र नोंद सापडते. दागिने रेशमात ओवणे, त्यांना गोंडे बांधणे, करगोटे आणि गोफ वळणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर. कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराने साजाची पाने घडविली, तरी ती गळ्यात घालण्याजोगी होत ती पटवेकऱ्याच्या हातून. पटवेकरी दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यास किंवा भिंतीतील आकड्यास अडकवितो, अंगाच्या ओढीने ताण राखतो आणि बोटांनी पेड एकमेकांवरून नेतो. लाकडी मेजे रूढ होण्यापूर्वी जपानी गोफकारही बोटांत फासे धरूनच गोफ वळीत असत, असे अभ्यासक मानतात, आणि तसे असल्यास या दोन देशांतील कारागिरांच्या हातांत मुळात फारसे अंतर नव्हते. जपानने पुढे मेज, वजन आणि क्रमाची लेखी नोंद यांची जोड दिली. आपल्या पटवेकऱ्याने सारे बोटांतच ठेवले, आणि म्हणून त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला की विद्या त्याच्याबरोबरच जाते. ही हानी मला फार मोठी वाटते. कुमिहिमोच्या निमित्ताने गोफाचे क्रम मराठीत लिहून ठेवण्याची सवय लागली, तर पटवेकऱ्यांच्या गोफांचेही क्रम त्याच पद्धतीने टिपता येतील, हा या उद्योगाचा एक मोठा लाभ मी मानतो.

गोफ हा शब्द उच्चारला की सोन्याच्या गोफाइतकेच टिपऱ्यांवर नाचला जाणारा गोफही आठवतो. वरती एका बिंदूस बांधलेल्या रंगीत दोरांची टोके हातांत धरून नाचणाऱ्यांपैकी अर्धे एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने, एकदा बाहेरून व एकदा आतून जात राहतात आणि मध्ये गोफ विणला जातो. मग तीच पावले उलटी टाकून तो उलगडतात. गोव्यात काणकोणच्या बाजूस शिगम्यात हा गोफ आजही रंगतो. ‘एदो-यात्सु’ या आठ पेडांच्या पोकळ गोफातही चार पेड उजवीकडून व चार डावीकडून असेच एकमेकांना ओलांडतात. आणि चुकलेला भाग सोडविण्याचा मार्गही तोच, म्हणजे क्रम उलटा चालविणे. ज्या मुलींनी शाळेच्या संमेलनात गोफ धरला आहे त्यांना कुमिहिमोचे तत्त्व समजावून सांगण्यास पाच मिनिटेही पुरेत.

आता साधनांकडे वळू. अव्वल साधन म्हणजे ‘मारुदाई’ : सुमारे पंचवीस सेंटिमीटर व्यासाची, गुळगुळीत कडेची गोल लाकडी फळी, मध्यभागी भोक, आणि खाली खांब. पेडांची बाहेरची टोके वजनदार लाकडी कांड्यांवर गुंडाळून कडेवरून खाली सोडतात, आणि तयार होणारा गोफ मधल्या भोकातून खाली उतरतो. त्याला खालून एक प्रतिभार टांगलेला असतो. प्रचारातील कांडी बहुधा सत्तर ग्रॅमची असते. आठ कांड्यांचा भार ५६० ग्रॅम होतो आणि प्रतिभार त्याच्या ४५ ते ५० टक्के, म्हणजे २५० ते २८० ग्रॅम ठेवण्याचा दस्तूर आहे. प्रतिभार वाढविला की गोफ सैल व लांबट होतो, कमी केला की घट्ट व आखूड. मोहने-आंबिवलीच्या कोणत्याही सुताराकडून असे मेज करवून घेता येईल, आणि कांड्यांऐवजी लोखंडी नट बांधलेल्या रिळांनीही काम भागेल. मात्र सगळे नट तोलून समान भाराचे निवडले पाहिजेत, कारण एक कांडी जड असली की गोफ त्या बाजूस कलतो.

दुय्यम साधन म्हणजे फोमची चकती. काठावर बत्तीस खाचा, मध्यभागी भोक आणि चार दिशांना चार ठिपके असलेली ही चकती माकिको तादा या जपानी विदुषींच्या कल्पकतेचे फळ होय. तिच्यात दोरा खाचेतच धरला जात असल्याने वजनांची सक्ती उरत नाही, आणि लोकलच्या प्रवासातही ती मांडीवर ठेवून काम करता येते. जाणकार मंडळी तिला कमी लेखतात, ते मला पटत नाही. मारुदाईवर हात लयीत चालतो आणि गोफाचा पोत अधिक एकसारखा येतो हे खरे. पण शिकणाऱ्याने सुरुवात चकतीवर करावी, कारण तिच्यावर मध्येच उठावे लागले तरी घडी मोडत नाही.

चकतीवरचा पहिला गोफ ‘कोंगो-गुमी’चा असावा. प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक असे आठ पेड लावावेत. वरच्या जोडीतील उजवा पेड खाली आणून खालच्या जोडीच्या उजवीकडे बसवावा, खालच्या जोडीतील डावा पेड वर नेऊन वरच्या जोडीच्या डावीकडे बसवावा, आणि चकती पाव फेरा डावीकडे फिरवावी. एवढाच क्रम अखेरपर्यंत. दोन्ही चाली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने होत असल्याने गोफाला पीळदार, भरीव रूप येते. चकतीचा एक पूर्ण फेरा झाला की आठही पेड एकेकदा हललेले असतात. काम थांबवायचे झाल्यास पहिली चाल करून, एका ठिकाणी तीन पेड असतानाच थांबावे, म्हणजे परत बसल्यावर पुढचे पाऊल कोणते याविषयी संशय राहत नाही.

या क्रमाची एक खुबी पुस्तकांतून पुरेशी सांगितलेली आढळत नाही, आणि बहुवर्णी दोऱ्याच्या दृष्टीने तर तीच सर्वांत महत्त्वाची आहे. उत्तर-दक्षिण ठिपक्यांवरचे चार पेड केवळ आपसात जागा बदलतात. पूर्व-पश्चिम ठिपक्यांवरचे चार आपसात. हे दोन गट कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. तेव्हा एका गटास बहुवर्णी दोरा आणि दुसऱ्या गटास एकरंगी दोरा दिला, तर गोफावर एक थर बहुवर्णी व एक थर एकरंगी असा अखंड क्रम चालू राहतो, आणि रंग कितीही बदलत गेले तरी एकरंगी थर त्यांना आवरून धरतो. माझ्या मते बहुवर्णी सुतातील पहिल्या कामासाठी याहून चांगली तजवीज नाही.

कारण बहुवर्णी दोऱ्याचा खरा प्रश्न हाताच्या कौशल्याचा नसून हिशेबाचा आहे. एकरंगी पेडांत नमुना जागेवरून ठरतो : अमुक खाचेत तांबडा, तमुक खाचेत पिवळा, आणि मग आकृती आपोआप उमटते. रॉड्रिक ओवेन यांच्या १९९५ च्या ग्रंथात जपान, पेरू आणि इतर देशांच्या २५० गोफांचे नमुने आहेत, ते याच तत्त्वावर. बहुवर्णी दोऱ्यात मात्र रंग जागेशी बांधलेला नसतो, तो दोऱ्याच्या लांबीशी बांधलेला असतो. म्हणून नमुन्याच्या आकृत्या तेथे निरुपयोगी ठरतात आणि त्यांच्या जागी दोन मापे येतात. पहिले माप म्हणजे रंगांचा फेर, अर्थात एक रंग सुरू झाल्यापासून तोच पुन्हा येईपर्यंतची लांबी. दुसरे म्हणजे आटणी, अर्थात किती लांबीच्या दोऱ्यातून किती लांबीचा गोफ उतरतो ते प्रमाण. कोंगो-गुमीत दोरा साधारण गोफाच्या दुप्पट ते अडीचपट लागतो. परंतु हे प्रमाण दोऱ्याच्या जाडीवर आणि ताणावर पुष्कळ अवलंबून असल्याने, प्रत्येक नव्या दोऱ्याचा पाच सेंटिमीटरचा नमुना विणून ते आपल्या हाताचे मुक्रर करून घेतले पाहिजे.

ही दोन मापे हाती असली की फळ आधीच सांगता येते. समजा, फेर चाळीस सेंटिमीटरचा आणि आटणी अडीच पट. तर गोफावर रंगांचे संपूर्ण आवर्तन सोळा सेंटिमीटरांत आटोपेल, आणि मनगटाच्या अठरा सेंटिमीटरच्या पट्टीवर ते जेमतेम एकदा दिसेल. आठही पेड एकाच रंगाच्या आरंभापासून कापले असतील तर रुंद, शांत पट्टे उमटतील. फेर दोन-तीन सेंटिमीटरचाच असला तर पट्टे कधीच जुळणार नाहीत आणि गोफ ठिपकेदार दिसेल. तेथे जुळविण्याचा अट्टहास करूच नये. चाळीस सेंटिमीटरच्या फेराचे पेड मुद्दाम वेगवेगळ्या रंगांपासून कापले तर सर्व रंग सर्वत्र पसरतात, जे काही दोऱ्यांत फार मोहक दिसते आणि काहींत गढूळ.

कापणीचा हिशेबही फेरावरच बसतो. भरतकामाच्या सहा पेडी सुती दोऱ्याची लडी साधारण आठ मीटरची असते. नव्वद सेंटिमीटरचे आठ तुकडे म्हणजे ७ मीटर २० सेंटिमीटर, तेव्हा एक लडी पुरली असे वाटते. पण फेर चाळीसचा असताना प्रत्येक तुकडा एकाच रंगापासून सुरू करायचा, तर दर तुकड्यामागे तीस सेंटिमीटर टाकून १२० वर जावे लागते, आणि एकूण गरज ९ मीटर ३० सेंटिमीटरवर जाते. म्हणजे दुसरी लडी उघडणे आले. त्याऐवजी तुकडा ऐंशी सेंटिमीटरचा, म्हणजे बरोबर दोन फेरांचा घेतला, तर ६ मीटर ४० सेंटिमीटरांत आठही पेड निघतात, कापण वाया जात नाही आणि सगळे पेड जुळलेलेच राहतात. अडीच पटीच्या आटणीने त्यातून बत्तीस सेंटिमीटरच्या आसपास गोफ मिळतो. गाठी आणि गोंडे वगळूनही मनगटास तो पुरून उरतो.

एका सोयीच्या वहिवाटीविषयी येथे स्पष्ट इशारा दिला पाहिजे. पुष्कळ जण आठ तुकडे कापण्याऐवजी दुप्पट लांबीचे चार तुकडे कापून मध्यावर दुमडतात, कारण त्यामुळे आरंभाची गाठ सुबक बसते. एकरंगी दोऱ्यात यास हरकत नाही. बहुवर्णी दोऱ्यात मात्र दुमडीपासून एका अंगास रंग तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा या क्रमाने जातील, तर दुसऱ्या अंगास ते हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा असे उलटे येतील. दोन अंगे समांतर लावली की जुळणी पहिल्या काही सेंटिमीटरांतच बिघडते. ज्या दोऱ्यात एकाच रंगाची छटा फिकटापासून गडदापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येते, आणि दुमड बरोबर सर्वांत फिकट किंवा सर्वांत गडद बिंदूवर पडते, तेथेच ही युक्ती निर्दोष चालते. गडद-फिकट छटा टप्प्याटप्प्याने वितळविण्याच्या जपानी ‘बोकाशी’ रंगाईत हेच सौंदर्य साधलेले असते. फरक इतकाच की तेथे रंगारी गोफकाराचे माप घेऊन रेशीम रंगवितो, आणि आपल्याला बाजारातील तयार फेराशी जुळवून घ्यावे लागते.

रंगांच्या निवडीत शास्त्राचा आधार घेणे इष्ट. पॅरिसच्या गोबलाँ या भित्तिपट विणण्याच्या कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. तपासाअंती त्याला आढळले की रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा डोळ्यांना फिका भासत होता. यावरून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. गोफात शेजारच्या रंगांचा परिणाम वेगळा होतो, कारण एकेका पेडाचा दिसणारा भाग दोन-तीन मिलिमीटरांहून मोठा नसतो. तांबडा आणि हिरवा यांसारखे विरोधी रंग इतक्या बारीक तुकड्यांत शेजारी आले की हातभर अंतरावरून ते एकमेकांस मारतात आणि गोफ धुरकट दिसतो. लडीत भडक व आकर्षक दिसणारा पंचरंगी दोरा गोफात निराशा करतो, त्याचे कारण हेच होय. निळा, जांभळा, गुलाबी असे सलग शेजारचे रंग, किंवा एकाच रंगाच्या छटा घ्याव्यात. आणि निवड दिवसाच्या उजेडात करावी.

आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित बहुवर्णी सुती दोरा मात्र दुकानातल्या लडीचा नव्हेच. तो पूजेतील नाडाछडीचा. कच्च्या सुताची लडी काही भाग तांबड्यात व काही भाग पिवळ्यात बुडवून केलेला हा दोरा, टिटवाळ्याच्या महागणपतीच्या वाटेवर पूजासाहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तांबडा आणि पिवळा हे वर्णचक्रावर फार दूर नसल्याने तो गोफात उत्तम मिसळतो. दोन अडचणी आहेत : सूत सैल पिळाचे असल्याने त्याचे तंतू सुटतात, आणि रंग कच्चा असतो, जो घामाने मनगटावर उतरतो. पहिलीवर उपाय म्हणजे दोन-तीन दोरे एकत्र घेऊन त्यांना हलका पीळ देणे; दुसरीवर उपाय म्हणजे लडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन सावलीत वाळविणे, आणि तरीही पांढऱ्या फडक्यावर डाग उमटल्यास ती केवळ तोरणासाठी वा पोथीच्या बांधणीसाठी राखणे.

मग सूत का, रेयॉन का नको, असा प्रश्न ज्या गावात रेयॉन निघत होते तेथे अवश्य विचारला जाईल. रेयॉनची झळाळी रेशमास जवळची आहे, आणि गोंड्यांसाठी पटवेकरी हल्ली तोच वापरतात. परंतु ओले झाल्यावर रेयॉनचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते, उलट सूत ओले झाल्यावर अधिक मजबूत होते. मनगटावर रोज पाणी पडणार, आणि उल्हास-काळूच्या खोऱ्यातील पावसाळ्यात हवाच चार महिने ओली असते. शिवाय रेयॉन निसरडा असल्याने चाली सरकतात आणि शिकणाऱ्याच्या हातून ताण एकसारखा राहत नाही. झळाळी हवीच असेल तर मर्सराइज केलेले सूत घ्यावे. जॉन मर्सरने १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचा हक्क नोंदविला आणि होरेस लो याने १८९० मध्ये सूत ताणलेले ठेवून तीच प्रक्रिया केली, तेव्हा कापसाला ही चमक आली. ज्या सोड्याने मोहन्यात लाकडाचे रेशीम होत असे, तोच सोडा कापसालाही असे तेज देतो.

शेवटी गोफ संपविणे आणि विकणे. टोके उतरविण्यापूर्वी चकतीवर असतानाच घट्ट सुताने सात-आठ वेढे देऊन बांधावीत, मग कापावीत. आधी कापून मग बांधू पाहणाऱ्याचा शेवटचा सेंटिमीटर हमखास उसवतो. धातूची टोपी चिकटवायची असल्यास गोफाची जाडी मोजूनच ती आणावी. गोंडा सोडायचा असेल, तर पेडांची उरलेली लांबी कोणत्या रंगावर संपते हे कापणीच्या वेळीच पाहून ठेवावे, कारण गोंड्यात सगळा रंग एकत्र दिसतो आणि तेथे नको असलेला रंग आला तर झाकता येत नाही.

यंत्रावर विणलेली नाडी कोणत्याही बाजारात पैशांच्या भावाने मिळते, आणि तिच्याशी मीटरच्या दराने स्पर्धा करण्यात बचत गटांच्या स्त्रियांचे श्रम फुकट जातील. राख्या, चष्म्याच्या दोऱ्या, ओळखपत्राचे गोफ, मंगळसूत्राच्या वाट्या ओवण्याचा काळा-सोनेरी गोफ, असे जिन्नस नगावर विकावेत, आणि राख्यांचे काम श्रावणापूर्वी निदान तीन महिने सुरू करावे. मोहने किंवा आंबिवलीत एखाद्या गटाने आरंभ करायचा ठरविल्यास पहिला नग असा मांडावा : ऐंशी सेंटिमीटरचे आठ पेड, उत्तर-दक्षिणेस छटाबदलाच्या निळ्या सुताचे चार, सर्व एकाच गडद बिंदूपासून कापलेले, पूर्व-पश्चिमेस पांढऱ्या मर्सराइज्ड सुताचे चार, आणि वहीत, विणण्याच्या आधी, फेर किती व आटणी किती याची तारखेसह नोंद. दुसरा नग त्याच मापांचा, फक्त बहुवर्णी पेड वेगवेगळ्या बिंदूंपासून कापून करावा, आणि दोन्ही शेजारी ठेवून पुढची लडी कोणती आणायची ते ठरवावे.